पुण्याचे वाडे, पेठा आणि कला: फिरायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी आर्किटेक्ट आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते, आणि पावसाळा सोडला तर रविवारी सकाळी दहा-बारा जणांना घेऊन पेठांमधून फिरते. कोणी नोकरीसाठी नव्याने पुण्यात आलेलं असतं, कोणी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असतं, तर एखाद्या काकांचं सगळं बालपण तिथल्याच एका वाड्यात गेलेलं असतं. प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. ते उत्तरांसकट इथे मांडले आहेत.

वाडा म्हणजे नेमकं काय? मोठं जुनं घर म्हणजे वाडा का?

वाड्याचा जीव चौकात असतो. रस्त्याच्या बाजूने जवळजवळ बंद आणि आतून आभाळाला उघडं, असं हे घर. मोठ्या दरवाजाच्या फळीत एक छोटी दिंडी असते. तिच्यातून वाकून आत गेलं की देवडी, म्हणजे पहारेकऱ्याची जागा, आणि मग चौक. चौकाभोवती ओसरी, तिच्या मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माडी. ऐपतदार वाड्यांना दोन-तीन चौक असत. पहिल्यात कचेरी आणि येणारे-जाणारे, मागच्यात घरच्या बायकामाणसांचा वावर, तुळशीवृंदावन, हौद किंवा आड.

बांधणी कळली की वाडा वाचता येतो. खाली घडीव दगडाचं जोतं. जोत्यावर तळखडे, म्हणजे खांबाखालचे बैठे दगड, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. हा कडीपाट. खांबांच्या मधली जागा चपट्या विटांनी भरायची आणि चुन्याने लिंपायची. पुष्कळ वाड्यांत वरच्या मजल्यांचं ओझं हा लाकडी सांगाडाच पेलतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर ‘इतक्या खणांचं’ असंच सांगितलं जाई. सुताराच्या डोक्यातही खणच असत. मी आजही वाड्याचा नकाशा काढायला बसले की आधी खण मोजते, फूट-इंच त्यानंतर.

शनिवारवाड्यात आत तर काहीच उरलं नाही. तिथे काय पाहायचं?

जोती पाहा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर द्यायला मला दर वेळी तेवढाच आनंद होतो.

वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला, शनिवारी झाली. वास्तुशांत १७३२ मध्ये. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. १८२८ मध्ये लागलेली आग सात दिवस धुमसत होती, असं सांगतात. वरचं सगळं लाकूड होतं, ते गेलं, दगड राहिला. म्हणून आत गेल्यावर हिरवळीवर जे दगडी चौथरे दिसतात ती या घराची जमिनीवर उरलेली रेघ आहे. त्यांच्या कडेने चाला. कुठे पायरी आहे, कुठे तळखड्याची जागा आहे, पाणी कुठून वाहून जात असेल, हजारी कारंजं कोणत्या चौकात येतं, हे पायांनी कळायला लागतं. पंधरा मिनिटं असं चाललेला माणूस ‘काहीच नाही’ म्हणत बाहेर पडलेला मी पाहिला नाही.

मग दिल्ली दरवाजा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे सगळे पाहतात. आत शिरताना मान वर करून भिंतीवरची फिकट झालेली चित्रं मात्र थोडेच पाहतात. वर नगारखान्यात चढा. आगीतून वाचलेल्या भागांपैकी हा एक, आणि लाकडाचं काम तिथे हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. तटाच्या भिंतीत खाली दगड आणि वर वीट का, याची एक गोष्ट सांगतात: दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून पेशव्यांनी वर वीट वापरली. गोष्ट म्हणून ती लक्षात राहते, पण वीट हलकी असते आणि काम भराभर होतं, हेही ध्यानात असू द्या.

आतून शाबूत असलेला वाडा कुठे बघायला मिळेल?

विश्रामबाग वाडा. बाजीराव दुसरे यांच्यासाठी १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. रस्त्यावरचा सज्जा आणि त्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब हे पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या लाकूडकामाचं पुण्यातलं सगळ्यात सुंदर उदाहरण आहे असं मी मानते. १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. १८७९ मध्ये वाड्याचा एक भाग जळला. पुढे नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या, टपाल कार्यालय आलं. मला या वाड्याबद्दल विशेष प्रेम वाटतं ते यामुळेच: तो सतत कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडत राहिला, म्हणून त्याचं छप्पर कोणीतरी बघत राहिलं.

दुसरा नाना वाडा, शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. नाना फडणवीसांनी १७८० च्या सुमारास बांधला. आतल्या भित्तिचित्रांसाठी तो पाहावा. शेजारीच नंतरच्या काळातली दगडी इमारत आहे. दोन्हींच्या खिडक्या एकापाठोपाठ एक पाहिल्या की बांधणारे हात आणि बांधण्याची पद्धत कशी बदलली ते कळतं.

आणि लाल महाल?

सध्याची इमारत महापालिकेने विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली आहे. मूळ महाल उरलेला नाही. स्मारक म्हणून जरूर जा. शिवकालीन बांधकाम म्हणून तिथल्या कमानी मोजू नका.

एवढ्या वाड्यांना आणि कारंज्यांना पाणी कुठून यायचं?

कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. पंप नाही, काही नाही; सगळा खेळ उताराचा. वाटेत जागोजागी उच्छ्वास आहेत, म्हणजे नळातली हवा सुटायला आणि आत उतरून गाळ काढायला ठेवलेली तोंडं. शेवटी शहरात हौद: काळा हौद, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठ हौद. पुणेकरांच्या तोंडी ही नावं अजून आहेत, पण बसथांब्यासारखी. माझ्यासोबत आलेल्या एका मुलाने विचारलं, ‘ताई, म्हणजे खरंच हौद होता?’ त्या दिवसापासून मी हा प्रश्न सोडत नाही. शहराचं आराखडाकाम दिसतं त्यापेक्षा जमिनीखाली जास्त असतं.

इतके वाडे गेले कुठे?

पहिलं कारण पाणीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. मातीत आणि चुन्यात बांधलेल्या भिंती भिजून बसल्या. शनिवार, नारायण, कसबा या पेठांमधली कितीतरी जुनी घरं त्या एका दिवसात नकाशावरून गेली. माझ्या आजीच्या पिढीतली माणसं वर्ष सांगताना अजून ‘पुराच्या आधी’, ‘पुरानंतर’ असंच म्हणतात.

दुसरं कारण हळू चालणारं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यात भाडेकरूंना संरक्षण मिळालं, ते गरजेचंही होतं. पण महिन्याला मिळणाऱ्या पाच-पन्नास रुपयांत कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरूने केली तर मालकाला हक्काची भीती. त्यात भावाभावांत वाटण्या, सातबाराऐवजी प्रॉपर्टी कार्डावर वीस नावं, आणि वाढलेला एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण. वाडा दोन-तीन पिढ्या असा लोंबकळत राहतो आणि मग एखाद्या ऑगस्टमध्ये त्याची भिंत कोसळल्याची बातमी येते.

तिसरं कारण ऐकून लोकांना नवल वाटतं. २०१० मध्ये केंद्राच्या स्मारक कायद्यात दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आली. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या घरांतली माणसं त्यात अडकली. नवं बांधता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी परवानगीचे हेलपाटे. स्मारकाचं रक्षण व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण स्मारकाच्या सावलीत राहणाऱ्या कुटुंबाला गळक्या छपराखाली ठेवून ते होऊ नये.

आमचा स्वतःचा वाडा आहे. दुरुस्त करावा की पाडून बांधावा?

आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. नव्वद टक्के आजार तिथे असतो असं माझा अनुभव सांगतो: सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, चौकातल्या गटाराचा बुजलेला उतार, भिंतीला लागून नंतर बांधलेलं न्हाणीघर. मग खांबांचे पाय बघा. तळखड्याला टेकतो तो वीतभर भाग सगळ्यात आधी कुजतो. हातोडीने हलकेच ठोकलं तर भरीव आवाज यायला हवा. पोकळ आला तरी घाबरू नका. वरचं ओझं टेकूंवर घेऊन खराब भाग कापून काढायचा आणि जुन्या सागवानाचा जोड द्यायचा, हे काम करणारे सुतार पुण्यात आहेत. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूडही मिळतं.

आणि सिमेंट लावू नका. हे मी हात जोडून सांगते. माझं आजोळ नारायण पेठेत होतं. मी सातवीत असताना मामाने हौसेने भिंतींची डागडुजी काढली. ठेकेदाराने चुना खरवडून सगळीकडे सिमेंटचा गिलावा मारला. घर नवंकोरं दिसायला लागलं, आजीने पेढे वाटले. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातूनच बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद केली, मग ती आतल्या लाकडाकडे वळली. चार पावसाळ्यांनंतर माजघराच्या खांबाला मी बोट लावलं तर बोट आत गेलं. पुढे तीन वर्षांनी वाडा उतरवावा लागला. तो कोरीव खांब जुन्या बाजारात वजनावर गेला. आर्किटेक्चरला गेले तेव्हा डोक्यात तोच खांब होता.

घाणीत मळलेला चुना आजही करता येतो. चुना आणि वाळू घाणीत भरपूर घोटायची. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. वेळ लागतो आणि मजुरी जास्त पडते. पण दुरुस्तीचा हिशेब करताना नव्या बांधकामाच्या काळात भाड्याने राहण्याचा खर्चही समोर मांडा, चित्र बदलतं.

कागदांचं म्हणाल तर तुमचा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते वारसा विभागात विचारा. यादीत श्रेणी १, २ आणि ३ असतात. पहिल्या श्रेणीत बदलाला फारच थोडी मुभा, तिसरीत बरीच. यादीत असणं म्हणजे संकट अशी समजूत आहे, पण वारसा वास्तूंसाठी टीडीआरची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची तरतूद आहे, तिची चौकशी करा. आणि हेही स्पष्ट सांगते: काही वाडे खरोखर वाचण्यापलीकडे गेलेले असतात. तिथे माणसं आधी बाहेर काढायची. मग मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे, दारं, खांब, तुळईखालचे कोरीव हस्त, दारावरची गणेशपट्टी जपून उतरवायची.

पेठांमधलं एकच देऊळ बघायचं तर कोणतं?

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. ओंकारेश्वर, तुळशीबाग, बेलबाग ही सगळी देवळं माझ्या जवळची आहेत. पण त्रिशुंडाच्या दर्शनी भिंतीसमोर मी विद्यार्थ्यांना तासभर बसवते. १७५४ मध्ये भीमगिरजी गोसावी यांनी बांधकाम सुरू केलं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातल्या बहुतेक पेशवेकालीन देवळांची शिखरं वीट-चुन्याची आहेत. इथे पुढची अख्खी भिंत काळ्या दगडात कोरलेली आहे. द्वारपाल, हत्ती, मोर, आणि साखळदंडाने गेंडा बांधणारा गोरा शिपाई. बंगाल इंग्रजांच्या हाती गेला ती प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे काम चालू असतानाची. बंगालची बातमी पुण्यातल्या पाथरवटाच्या छिन्नीपर्यंत पोहोचली होती, असं अभ्यासक म्हणतात, कारण या गेंड्याला ते बंगालचं प्रतीक मानतात. गर्भगृहात मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. खाली तळघर आहे, त्यात पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून खुलं करतात.

आणि याहून हजार वर्षं मागे जायचं असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. राष्ट्रकूट काळात, आठव्या शतकाच्या सुमारास एकाच कातळात खोदलेलं, गोल नंदीमंडपाचं. काम अर्धवट राहिलं आहे, त्यामुळे छिन्नी कुठे थांबली ते दिसतं.

इंग्रजी अमलातल्या इमारतींमध्ये काय चुकवू नये?

मंडई. १८८६ मध्ये ती ‘रे मार्केट’ म्हणून उघडली; आता महात्मा फुले मंडई. मधे अष्टकोनी गाभा, वर मनोरा, आणि गाभ्यातून फुटणाऱ्या लांब बाजू. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकरांनी केलं. वारा आणि उजेड छपराच्या उंचीतून येतो, म्हणून भर दुपारी आत उभं राहिलं तरी जीव कासावीस होत नाही. भाजी घेता घेता एकदा वर बघा.

कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८६७ चं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. ते आणि येरवड्याचं डेक्कन कॉलेज एकाच हाताची कामं: हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. विद्यापीठाची मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होती.

तांबट आळीत बघण्यासारखं काय आहे?

ऐकण्यासारखं आहे. कसबा पेठेत त्या गल्लीच्या टोकाला आलं की हातोड्यांचा ठेका आधी येतो. तांब्याचा पत्रा कापून, तापवून, आकार देऊन, झाळून भांडं तयार होतं. मग चिंचेच्या पाण्याने ते उजळतं आणि शेवटी मठारकाम. अंगभर एकसारखे ठोके पडतात, प्रत्येक ठोक्याला एक चकाकती खळी उठते. लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी आहेच, पण ठोक्यांनी धातू कडक होतो, भांडं चेपत नाही. ज्या गोष्टीने भांडं टिकतं तीच त्याची शोभा. डिझाइन शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

बंब, घंगाळ, हंडे-कळश्या हे त्यांचं मूळ काम. गीझर आला, स्टील आलं, आणि गिऱ्हाईक तुटलं. आता दिवे, पाण्याचे जग, वाडगे असं नव्या घरांना चालणारं काम काही कारागीर करतात. मठारणं यंत्राने येत नाही. खांदा आणि कान दोन्ही तयार व्हायला वर्षं जातात. भाव करू नका, एवढीच माझी विनंती.

पुण्यात चित्रकलेची परंपरा होती का? सगळं मुंबईलाच झालं ना?

होती. आणि तिचं एक नाव तांबटच आहे.

१७९० च्या आसपास चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, पुण्यात होता. त्याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच सुमारास पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं रंगवली. इथेच गंगाराम तांबट हा पुण्याचा माणूस तयार झाला. त्याने वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची मोजूनमापून केलेली चित्रं आजही अभ्यासली जातात. वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने पुढे पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र केलं. शनिवारवाड्याचा गणेश महाल आतून कसा होता, याचा अंदाज आपल्याला त्यावरून येतो. म्हणजे जळालेल्या वाड्याची आठवण रंगांनी धरून ठेवली.

पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला. त्याची देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाप्रेस चित्रं, म्हणजे दगडावरून छापलेली, माजघरांच्या भिंतींवर गेली. श्रीमंताघरच्या तैलचित्राची गोष्ट तिथे आण्या-दोन आण्यांच्या जगात आली.

शिल्पकलेत एकच जागा सांगते: शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा. शिल्पकार वि. पां. करमरकर, अनावरण १९२८. एकसंध ओतलेला ब्राँझ. घोड्याच्या मानेचा ताण बघा.

गणेशोत्सवातले देखावे कला म्हणावेत का?

नक्की. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना प्रमाण, प्रकाश आणि रंगमंच यांची पहिली ओळख मांडवात झाली. दीड-दोन महिन्यांत, अरुंद रस्त्यात, बांबू, कापड, प्लायवूड आणि फायबरमधून अख्खा महाल उभा करायचा, दहा दिवस लाखो माणसांचा लोंढा सोसायचा आणि अकराव्या दिवशी सगळं सोडवून ठेवायचं. यात बांधणीचं जे शहाणपण लागतं ते मी कॉलेजात नाही, मंडळाच्या कार्यकर्त्यांकडून शिकले.

डी. एस. खटावकर सरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. अभिनव कला महाविद्यालयात त्यांनी विद्यार्थी घडवले आणि तुळशीबाग गणपतीचे भव्य देखावे केले. तिथली फायबरची मूर्तीही त्यांचीच. कलाशाळा आणि रस्ता यांच्यात त्यांनी भिंत ठेवली नाही. आता देखाव्यांमध्ये तयार साचे आणि एलईडीच्या भिंती वाढल्या आहेत. मला ते खुपतं. आवाज कमी आणि हातकाम जास्त असलेलं एखादं छोटं मंडळ दिसलं तर तिथे थांबा, कलाकाराचं नाव विचारा. विसर्जन मिरवणुकीच्या पहाटे रस्त्यावर रांगोळीच्या पायघड्या घालणारे हातही बघून घ्या.

पाऊस आहे, लहान मुलं सोबत आहेत. एकच जागा सांगा.

राजा दिनकर केळकर संग्रहालय, शुक्रवार पेठ. चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीत हा संग्रह केला. गावोगाव हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या आणि पुढे त्या राज्य सरकारला दिल्या. तलवारी आहेत, पण मुलांना अडकित्त्यांसमोर उभं करा. सुपारी कातरायचं साधं हत्यार. कुठे मोर, कुठे घोडा. पाय घासायच्या वज्र्या, दिवे, कुंकवाचे करंडे, कोरीव दरवाजे. रोज हाताळायच्या वस्तूला इतकं लाडाने घडवणारी माणसं इथे राहत होती. कोथरूडहून हलवून उभारलेला मस्तानी महालही इथेच आहे.

नव्या इमारतींमध्ये काही पाहण्याजोगं आहे का?

आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, वास्तुरचना चार्ल्स कोरियांची. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली संस्था सुरू झाली आणि विद्यापीठाच्या आवारात ही वास्तू उभी राहिली. भिंतीत खाली खडबडीत काळा दगड, वर कडप्पा, त्यावर आभाळ दिसेल असा तकतकीत ग्रॅनाइट. मधे पायऱ्यांचं कुंड, कडेला आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा कुंडाच्या पायरीवर बसले आणि वर बघितलं. आजोळचा चौक आठवला. सगळं घर एका मोकळ्या आभाळाभोवती. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था लोकांसाठी उघडी असते, तेव्हा जा.

मेट्रोची संभाजी उद्यान आणि डेक्कन ही स्थानकं मावळी पगडीच्या आकाराची आहेत. पुष्कळांना आवडतात. मला वाटतं, जुन्याचा आकार उचलण्यापेक्षा त्याचा विचार उचलावा. सावली, वारा, बसायला ओसरी.

प्रदर्शनं कुठे बघावीत?

१९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेले असतात. ‘मला यातलं काही कळत नाही’ असं म्हणून बाहेर पडू नका. ‘हे कसं केलंत?’ एवढं विचारा, पुढचा अर्धा तास ते स्वतः सांगतील.

मुलीला आर्किटेक्चर किंवा चित्रकला शिकायची आहे. काय करावं?

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षा देऊ द्या. आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, प्रवेशासाठी नाटा ही परीक्षा. ललित आणि उपयोजित कलेसाठी टिळक रस्त्यावरचं अभिनव महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं. क्लास लावायच्या आधी तिच्या हातात वही द्या आणि रोज एक चित्र जागेवर बसून काढू द्या. दिंडी दरवाजा, सायकल, आजीचा पानाचा डबा, काहीही.

एका सकाळीत कसं फिरावं? फोटो काढलेले चालतात का?

मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. कसबा गणपती, तिथून तांबट आळी, मग लाल महालावरून शनिवारवाडा. नाना वाडा बघून बाजीराव रस्त्याने विश्रामबाग, तुळशीबागेतलं राममंदिर आणि शेवटी मंडई. तीन तास पुरतात. शनिवारवाड्यापुढे गर्दी वाढते, म्हणून सातच्या आत निघा. तांबट आळीत मात्र काम सुरू व्हायला थोडा उशीर होतो. ठोके ऐकायचेच असतील तर कामाच्या दिवशी दहानंतर वेगळी चक्कर मारा.

राहत्या वाड्याची दिंडी उघडी असली तरी ते कोणाचं तरी घर आहे. बाहेरून हाक मारा, ‘काकू, चौक बघू का?’ एवढं म्हणा. बहुतेक ठिकाणी ‘या की’ येतं. धुणं वाळत असेल, कोणी अंघोळ करून येत असेल, तर कॅमेरा खाली ठेवा. चौकात चपला कुठे काढल्यात ते लक्षात ठेवा, आणि माडीवर चढताना डोकं सांभाळा, जिन्याच्या वरची तुळई बुटकी असते.